डॉक्टर माईणकरांची जाळी आणि कुंडलचे सुभेदार

धप्... धप्-धप्प... धप्... धप्-धप्प...

हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा आहे. सातारच्या आमच्या शाळेत दुपारच्या तासाला कविता सुरू झाली की अख्खा वर्ग बाकाखाली अनवाणी टाचांनी ठेका धरायचा. खाली शहाबादी फरशी. वरच्या मजल्यावरून हेडमास्तर छडी घेऊन तरातरा खाली यायचे, आम्हाला दटावायला म्हणून दारात उभे राहायचे, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांचाच उजवा पाय नकळत हलू लागायचा. आत्ता निवेदकांनी माईकवर दोनदा टिचकी मारली, आणि मी थेट त्या वर्गात जाऊन बसलो.

क्षमा असावी. नमस्काराआधीच साताऱ्याला जाऊन आलो. वयाचा दोष आहे, माईकचा नाही.

तर, आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इस्पितळाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय आप्पासो, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्यांना निरोप द्यावा असं आपल्यापैकी एकालाही वाटत नाही ते आदरणीय डॉक्टर शरच्चंद्र माईणकर, त्यांच्या सहधर्मचारिणी सौ. चारुशीलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, इस्पितळातल्या परिचारिका भगिनी, आणि समोर खुर्च्यांवर माझ्यासारखेच एक पाय जरा लांब करून बसलेले माझे रुग्णबंधू आणि भगिनी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

आप्पासोंनी मला बजावलं आहे, "गुरुजी, पाच मिनिटं. तुमच्या आधीच्या वक्त्यानं हळदीच्या बाजारापर्यंत मजल मारली." आप्पासो स्वतः हळदीचे व्यापारी, तेव्हा त्यांना ते लांबलेलं वाटलं नसावं. मी प्रयत्न करतो. पण ज्याला आयुष्यभर पंचेचाळीस मिनिटांचा तास घ्यायची सवय, त्याच्या पाच मिनिटांवर फार विसंबू नका.

माझं नाव गोपाळ नातू. साताऱ्याला मराठी शिकवत होतो. निवृत्तीनंतर सांगलीला लेकीकडे, स्वानंदीकडे राहतो. डॉक्टरांचा मी नातेवाईक नाही, मित्र म्हणवून घ्यायची माझी पात्रता नाही. मी त्यांचा पाय आहे. म्हणजे, माझा पाय त्यांचा आहे. उजवा.

हसू नका. खरं तेच सांगतो.

ब्याण्णव साली, अजून साताऱ्यातच होतो, तेव्हा चालताना माझी पोटरी धरू लागली. थोडं चाललं की आत कुणीतरी पिळा घालतंय असं वाटायचं. थांबलं की दोन मिनिटांत साफ. पुन्हा चाललं की पुन्हा पिळा. भर रस्त्यात उभं राहायची लाज वाटायची, म्हणून मी दुकानांसमोर थांबायचो. साताऱ्यात दुकान म्हणजे पेढ्यांचं. मी काचेतले कंदी पेढे निरखत पोटरी मोकळी होण्याची वाट बघायचो, आणि दुकानदाराला वाटायचं, गुरुजींची इच्छा झाली आहे पण संकोचताहेत. तो पुडा बांधूनच ठेवायचा. मी काय करणार? घरी पेढ्यांचा ढीग, आणि कुटुंब म्हणायचं, "अहो, बातमी तरी कसली आहे?"

पुढं ती गेली. तिला बातमी सांगायची राहून गेली.

असो. इथं सांगलीत आल्यावर स्वानंदीनं मला डॉक्टर माईणकरांकडे आणलं. डॉक्टरांनी माझं पाऊल हातात घेतलं. सभ्य गृहस्थहो, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचं पाऊल शेवटचं कुणी हातात घेतलेलं असतं? आईनं. डॉक्टरांनी घोट्याजवळ बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "मास्तर, पाटाला पाणी कमी येतंय. वर कुठंतरी माती साचलीय." कमरेजवळची पायाची मोठी नस आतून जवळजवळ बुजली होती.

त्या काळी सांगलीत ही सोय नव्हती. डॉक्टर महिन्यातून एकदा पुण्याच्या एका इस्पितळात जाऊन हे काम स्वतःच्या हातांनी करत. जांघेतून एक बारीक नळी नसेत सरकवायची, टोकाचा फुगा फुगवून बुजलेली जागा मोकळी करायची, आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिथं धातूची एक नाजूक जाळी उघडून ठेवून द्यायची. कायमची. त्र्याण्णवच्या पौषात डॉक्टरांनी आपल्या गाडीतून दोन रुग्ण पुण्याला नेले. एक मी. दुसरे कुंडलचे सुभेदार जोतिबा शेडगे.

हे नाव ऐकून काही माना खाली गेलेल्या मला दिसल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, कुंडलला ऊस आणि द्राक्षं करणारे, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठे. त्यांच्याविषयी आज इथं बोलायची मी त्यांची परवानगी काढली आहे. ते म्हणाले, "बोला की बिनघोर. फौजेत जखमंवर कोन पदर वडत न्हाई."

गाडीत ते पुढं बसले होते. कऱ्हाड आलं. मग मागं वळून मला विचारलं, "गुरुजी, भ्या वाटतंय?"

मी म्हटलं, "थोडं."

"मला लय वाटतंय. पर तुमी कुनाला सांगू नगा. गावात म्हनून आलोय, पायाला तेलपानी करून येतो."

दोघांनाही एकाच दिवशी जाळी बसली. माझी कमरेजवळ, मोठ्या नसेत. सुभेदारांची मांडीत खाली, गुडघ्याच्या वर, जिथं नस बारीक होत जाते. त्या संध्याकाळी डॉक्टर हातात एक छोटं यंत्र घेऊन आले. घोट्याजवळ ते टेकवलं की आतल्या रक्ताचा आवाज बाहेर ऐकू येतो. माझ्या घोट्यावर टेकवलं आणि खोलीभर आवाज घुमला, सुं-सूं-सूं, सुं-सूं-सूं. मी उठूनच बसलो. म्हटलं, "डॉक्टर, हे तर भुजंगप्रयात! लघु, गुरू, गुरू. आठवीच्या पोरांना मी हेच वृत्त टाळ्या वाजवून शिकवलं!"

शेजारच्या खाटेवरून सुभेदार म्हणाले, "कसलं भुजंग घेऊन बसलाय? परेड हाय ती. माजं लावा बरं."

त्यांचंही लावलं. त्यांचंही तसंच वाजलं, माझ्याहून जरा ठणठणीत. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आयला, जित्ता हाय की पाय!"

डॉक्टर त्या वेळी काय म्हणाले, ते मी आजही विसरलो नाही. तुम्ही विसरला असाल, डॉक्टर, तुम्हाला असे शेकडो पाय. तुम्ही म्हणालात, "मी दार उघडून दिलंय. ते उघडं राहील का, हे मला आज सांगता येणार नाही. वर्षभर राहील, पाच वर्षं राहील, जन्मभर राहील. हे काम जगातच नवीन आहे, लांबचं कुणी पाहिलेलं नाही. तीन गोष्टी मात्र तुमच्या हातात. तंबाखू बंद. रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आणि ही गोळी चुकवायची नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता काळजी नको. मी वर्गात कितीदा म्हटलंय पोरांना, सोप्पं आहे, काळजी नको. डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. त्या रात्री मला त्यांचा थोडा राग आला होता. मग सहा वर्षं रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर चालताना तो राग उतरत गेला.

मी चाललो, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. सांगलीत एक म्हातारा सकाळी घाटावर फेऱ्या मारतोय, तर लोक म्हणतात, पेन्शनर आहे. पण कुंडलला? तिथं सुभेदार पहिल्या दिवशी सकाळी चालायला निघाले. वेशीपर्यंत पोचले नाहीत तोवर तीन जणांनी गाड्या थांबवल्या. "सुभेदार, बसा मागं. कुठं सोडू?" सुभेदार म्हणाले, "कुठंच न्हाई. नुसता चालतोय." आता शेतकऱ्यांच्या गावात स्वच्छ कपड्यांतला वयस्क माणूस, हातात खुरपं नाही, दूध नाही, एस.टी.ची वेळ नाही, आणि म्हणतो नुसता चालतोय! गावानं काय समजायचं? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुभेदारांचं सुनेशी वाजलं, म्हातारा घर सोडून निघालाय. त्यांची सून संयोगिता, बिचारी गरीब स्वभावाची, नवरा जम्मूला फौजेत. ती विहिरीवर गेली तर बायका तिच्याशी बोलेनात. रडत घरी आली. म्हणाली, "मामंजी, तुमी चालू नगासा. मला त्वांड दावाय जागा ऱ्हाईना."

झालं. सुभेदारांचं चालणं तिथंच थांबलं. ते अंगणात चालायचे. अंगण केवढं? चार पावलांत गोठा.

अध्यक्ष महाराज मनगटाकडे बघताहेत. बघू द्या. आप्पासो, मी मुद्द्यावरच आहे.

तरीही पाच वर्षं सुभेदारांचा पाय चालला. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं तपासणीला यायचो, बाकावर शेजारी बसायचो. डॉक्टर यंत्र लावायचे. सुभेदारांच्या पायातली परेड दर खेपेला जरा मंद व्हायची. डॉक्टर विचारायचे, "तंबाखू?"

"न्हाई जी. बिडीला हात लावला न्हाई."

"खाता?"

"जलमात खाल्ली न्हाई."

आणि हे खरं होतं, मंडळी. सुभेदार जोतिबा शेडगे खोटं बोलत नाहीत. फौजेत एकदा खरं बोलून त्यांनी आपली बढती घालवली आहे, पण ती गोष्ट वेगळी.

मागच्या मार्गशीर्षात त्यांचा अंगठा काळा पडला. रात्री पाय आडवा केला की ठणका. खाटेवरून खाली सोडला की जरा बरं. डॉक्टरांनी त्यांना इथं भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो होतो. डॉक्टर फेरीवर आले, आणि सुभेदार खाटेवर बसून दात घासत होते. अगदी शिस्तीत. उशाशी एक पत्र्याची डबी, त्यातली काळी पूड डाव्या तळहातावर, उजव्या हाताचं बोट त्यात बुडवून दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत होते. वॉर्डभर तो भाजका, कडसर वास.

डॉक्टर थबकले. "सुभेदार, हे काय?"

"दात घासतोय जी. लगीच आवरतो."

"कशानं?"

"मिशेरीनं."

आता सांगली-साताऱ्याच्या माणसाला मिशेरी म्हणजे काय ते सांगायला नको. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईतोवर भाजायची आणि कुस्करायची. चारुशीलाताईंसाठी सांगतो, त्या बडोद्याच्या. आमच्या इकडे घरोघर सकाळी चूल पेटली की आधी तवा मिशेरीला. तिला कुणी तंबाखू म्हणत नाही, जसं तुपाला कुणी दूध म्हणत नाही. ती दात घासायची गोष्ट. देवळात जायच्या आधी घासतात, उपासाला घासतात.

डॉक्टर त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "दिवसातनं किती वेळा?"

"सकाळी. दुपारी जेवल्यावर. मग रातच्याला. न्हाई घासली तर डोस्कं धरतंय." सुभेदारांचं बोट तोंडातच थांबलं. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ह्यो तंबाखू व्हय?"

सुभेदारांनी डबीचं झाकण लावलं. घट्ट लावलं.

मी त्या दिवशी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. म्हटलं, मिशेरीनंच केलं ना हे? मला, खरं सांगतो, कुणाला तरी दोष द्यायचा होता. आणि मिशेरीसारखा सोयीचा गुन्हेगार कुठला मिळणार? तिला वकील नसतो. पण डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मला ठाऊक नाही. मिशेरीनं नस आवळत राहिली असेल. चालणं थांबलं, त्यानं झालं असेल. किंवा दोन्ही नसतं तरी झालं असतं. तुमची जाळी वरच्या रुंद नसेत आहे, तिथं त्या टिकतात असं आता दिसायला लागलंय. मांडीतल्या बऱ्याच बुजतात. त्र्याण्णव साली हे मला कुणी सांगितलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी व्याकरणाचा मास्तर, अपुऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारणारा. पण त्या दिवशी मला वाटलं, हे वाक्य असंच राहू दे.

बंधू-भगिनींनो, आजच्या दिवशी डॉक्टरांच्या कर्तृत्वाचे आकडे सांगायचे असतात. आधीच्या वक्त्यांनी ते सांगितले. मी ते मोजणारा माणूस नाही. मी एवढंच सांगेन की ह्या सभागृहात अशी माणसं बसली आहेत ज्यांची जाळी सहा वर्षांनी अजून मोकळी आहे. अशी बसली आहेत ज्यांच्या नसेत पुन्हा एकदा, दोनदा फुगा घालावा लागला. आणि काही खुर्च्या रिकाम्या आहेत. डॉक्टर ह्या तिघांच्याही घरी जातात. बरा झालेला माणूस डॉक्टरांना पेढे देतो, हे जगात सगळीकडे चालतं. पण ज्याचा पाय वाचला नाही त्याच्या ओसरीवर जाऊन बसणारा डॉक्टर तुम्ही दुसरा पाहिलाय का? मी नाही पाहिला.

तर सुभेदार. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी शेवटचं यंत्र लावलं. मी तिथं होतो. आकाशवाणीचं केंद्र रात्री बंद झाल्यावर रेडिओत जी नुसती खरखर उरते ना, तेवढीच ऐकू आली. डॉक्टरांनी जागा बदलली, पुन्हा लावलं, आणखी वर लावलं. जाळीपासून खाली सगळं बंद. दुसरी नस जोडायलाही खाली जागा उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "सुभेदार, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. लवकर. नाहीतर विष वर चढेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

सुभेदार म्हणाले, "न्हाई."

"विचार करा."

"केला. तुमी लय केलंसा माज्यासाठी, डॉक्टर. तुमी काय देव न्हाई. पर पाय देनार न्हाई." आणि त्याच दिवशी घरी गेले.

डॉक्टर कायमचे बडोद्याला मागच्याच आठवड्यात जायचे होते. सामान गेलं. राहतं घर रिकामं झालं. तरी डॉक्टर आणि ताई तिथंच पाहुण्यासारखे थांबले आहेत, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? परवा मंगळवारी सकाळी त्यांनी शस्त्रक्रियेची खोली राखून ठेवली आहे. त्यांच्या हातून सांगलीतलं शेवटचं काम. बुधवारी ते निघणार. दुसरे शल्यचिकित्सक आहेत, चांगले आहेत. पण कुंडलचा तो म्हातारा दुसऱ्या कुणापुढं पाय ठेवणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. म्हणून डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही एकदा बोला. तुम्ही शब्दांचे."

मी शब्दांचा! काल दुपारच्या एस.टी.नं गेलो कुंडलला.

सुभेदार सोप्यात खाटेवर, पाय खाली सोडून, त्यावर पांढरं फडकं. चेहरा उतरलेला, मिशा मात्र पिळलेल्या. मला बघताच म्हणाले, "या गुरुजी. आज कवितेचा तास व्हय?"

"तास नाही. विनंती आहे."

"म्हंजी डॉक्टरांनी धाडलं."

"धाडलं."

"मग आदी च्या घ्या. हुकूम मागनं वाचा."

अंजनावहिनींनी, त्यांच्या कुटुंबानं, चहा आणला. वहिनींचे दोन्ही गुडघे गेलेले; भिंतीचा आधार घेत घेत त्या येतात. कप ठेवला आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. सुभेदार म्हणाले, "तू जा आत. तुला ह्यातलं काय कळत न्हाई." त्या आत गेल्या.

मी बोललो. मंडळी, मी खूप बोललो. म्हटलं, पाय गेला तरी माणूस राहील. ते म्हणाले, "ऱ्हाईल की. खाटंवर ऱ्हाईल. परसाकडला कोन न्हील? आंघूळ कोन घालंल? पोरगा जम्मूला. सुनंला सांगायचं व्हय हे? ऱ्हायली अंजना. तिला खाली बसली तर उठवाय मानूस लागतंय. तिच्या अंगावर मी माजं वझं टाकू?"

मी म्हटलं, आता पाय बसवून मिळतो, माणसं शेतात जातात.

"तरन्यांचं काम ते. ह्या वयात नवी परेड कोन शिकवनार? तुमी?"

मी डोक्यातली सगळी क्रमिक पुस्तकं उलगडून पाहिली. आमच्या कवितांत वीर असतात. त्यांचे हात तुटतात, पाय तुटतात, आणि पुढच्या कडव्यात ते स्वर्गात जातात. तो वीर घरी परत आला, खाटेवर पडून राहिला, त्याला परसाकडला न्यायला म्हातारी बायको तेवढी उरली, ह्यावर एक कडवं नाही. एक ओळ नाही. चाळीस वर्षं शिकवलं, आणि माझ्याजवळ त्या माणसाला द्यायला एक ओळ निघाली नाही.

सुभेदारांनाच माझी कीव आली असावी. म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. च्या गार झाला. डॉक्टरांना म्हनावं, समारंभाला यायचं लय मनात व्हतं. हितनंच सलाम."

निघताना अंजनावहिनी दारापर्यंत आल्या. फक्त विचारलं, "समारंभ कवा हाय?"

म्हटलं, "उद्या. चारला."

"बरं," म्हणाल्या, आणि आत वळल्या.

डॉक्टर, हे तुम्हाला काल रात्रीच सांगायला हवं होतं. दारापर्यंत आलो होतो. तुम्ही आणि ताई रिकाम्या घरात एका सतरंजीवर बसून पिठलं-भात खात होतात. माझ्यानं आत येववलं नाही. म्हणून आज हारांच्या, फुलांच्या मधे सांगतो आहे: तुम्ही मला शब्दांचा म्हणालात, आणि माझे शब्द कमी पडले. तुम्ही मंगळवारी ती खोली राखून ठेवाल, दिवे लावून उभे राहाल, आणि कुणी येणार नाही. हे मला दिसतंय, तुम्हालाही दिसतंय, आणि आपण दोघंही काही करू शकत नाही. निरोपाच्या भाषणाचा शेवट असा करू नये, हे मला कळतं. पण दुसरा शेवट मला ठाऊक नाही.

तेव्हा, डॉक्टर, ह्या उजव्या पायाच्या वतीनं आणि आज इथं येऊ न शकलेल्या एका डाव्या पायाच्या वतीनं तुमचे आभार. बडोद्याला सुखानं राहा. ताई, त्यांना पहाटे फार लवकर उठू देऊ नका. आप्पासो, तुम्ही पाच मिनिटं दिलीत आणि मी तुमची अर्धी संध्याकाळ घेतली, तरी चिठ्ठी पाठवली नाहीत, ह्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्याची जीभ समजून पोटात घाला. मी आपली रजा...

मागं दाराशी कसली गडबड आहे? कुणाला अडवताय? अहो स्वयंसेवक, त्या बाईंना येऊ द्या आत. येऊ द्या म्हणतो ना!

अंजनावहिनी?

वहिनी, तुम्ही एकट्या? कशा आलात? खुर्ची द्या कुणीतरी त्यांना. बसा... नाही बसत? मोठ्यानं बोला, वहिनी, मागच्यांना ऐकू येत नाही. बरं, मी सांगतो त्यांना. मंडळी, वहिनी म्हणताहेत, सुभेदार बाहेर जीपमध्ये आहेत.

आले? आपण होऊन आले?

"आलं न्हाईत. आनलंय," म्हणताहेत. "शेजारच्या चौगांनी खाटंसकट उचलून घातलं जीपमदी. वाटंभर शिव्या देत्यात. देऊ द्यात."

पण वहिनी, काल तर ते म्हणत होते की तुमच्या अंगावर ओझं...

शांत राहा, मंडळी. त्यांना बोलू द्या. "गुरुजी, वझं माज्या अंगावर येनार, आन् सल्ला समद्या जगाचा! डॉक्टरांनी त्यास्नी इचारलं. तुमी एस.टी.नं येऊन त्यास्नी इचारलं. मला कुनी इचारलं? मी रातभर बसली. सकाळी म्हनलं, माज्या त्वांडाकडं बगून न्हाई म्हना. मग मी बी गप बसते. तर मान खाली घातली. न्हाई म्हनाय आलं न्हाई."

डॉक्टर... अहो डॉक्टर, पायऱ्या सांभाळा. हार तरी काढा गळ्यातला. ताई, धरा त्यांना. नाही, ते थेट वहिनींकडेच निघाले. वाट द्या, खुर्च्या सरकवा.

अध्यक्ष महाराज, सत्कारमूर्तीच व्यासपीठावरून उतरले, तेव्हा मी आता कुणाशी बोलतोय हे मला कळत नाही. मागच्यांना दिसत नसेल म्हणून एवढं सांगतो. डॉक्टर वहिनींसमोर उभे आहेत. हात जोडलेत त्यांनी. विचारताहेत, "वहिनी, तुम्ही सांगा. परवा मंगळवारी करू?"

आणि वहिनी म्हणताहेत, "मंगळवार कशाला? मानूस दारात हाय."